रविवारच्या कार्यक्रमाआधीची व्यवस्था

मी, श्रीनिवास वेणीमाधव आष्टीकर, वय वर्षे एकाहत्तर, वाद्यवृंदाचा संचालक, राहणार संकठा घाटाजवळ, वाराणसी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. अशा कागदांत सर्व इंद्रिये शाबूत असल्याचेही लिहितात. ते मी लिहिलेले नाही, कारण पुढे दिले आहे. रविवारी आमच्या वृंदाचा कार्यक्रम आहे आणि मंगळवारपासून मला झोप नाही, म्हणून हे काम आजच उरकतो.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गच्ची, पत्नी शरदिनी हिला. तिच्या हयातीत कोणी विक्रीचा विषय काढू नये. मी तिचे ऐकत नाही, अशी तिची जुनी तक्रार आहे. पहिली अडतीस वर्षे ती खरी होती. गेली सहा वर्षे मला ऐकूच येत नाही. डावा कान गेला, उजवा त्याच वाटेवर आहे. हे तिला सांगायची मला भीती वाटते.

२. माझे व्हायोलिन मुलगा मुकुल याला. त्याने वाजवले नाही तरी चालेल, पण ओल आलेल्या भिंतीला टांगू नये.

३. थोरले बंधू ढुंढिराज रामघाटावर वेद शिकवतात. मी व्हायोलिन सोडून संचालकाची छडी हातात घेतली, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते की बाकीचे वाजवतात, हा नुसते हात हलवतो. एकतीस वर्षे हे माझ्या मनातून गेलेले नाही. रामनगरच्या शिंप्याने शिवलेला माझा कार्यक्रमाचा काळा कोट त्यांना द्यावा. तो त्यांना घट्ट होईल, याची मला कल्पना आहे.

४. स्वरलेखनाच्या एकशे बारा वह्या वृंदाला. आमचे सतारवाले, बासरीवाले एकट्याने मैफल गाजवणारे लोक. तीस जणांनी एका क्षणी थांबायचे, एवढे गळी उतरवायला मला दहा वर्षे लागली.

५. छडी. मंगळवारच्या तालमीत तीसही जण एका क्षणी थांबले आणि मी वहीत बघत हात हलवत राहिलो. मला वाटले, हळू वाजवण्याचा भाग चालू आहे. सगळे माना खाली घालून बसले होते. कोणी हसले असते तर बरे वाटले असते. शेवटी पहिली व्हायोलिनवादक मधुवंती उठली, माझ्या उजव्या कानाशी आली आणि म्हणाली, "काका, सगळे कधीचे रुकलेत."

सहा वर्षे मी तिच्या व्हायोलिनच्या गजाकडे बघून वेळ मारून नेली. तिला ते ठाऊक होते. ती गज मुद्दाम जरा उंच उचलत असे. भर सभेत पुन्हा तसे झाले तर या लोकांची मेहनत माझ्यापायी मातीत जाईल. म्हणून छडी आणि संचालकपद मधुवंतीला.

वरील मजकूर काल वकिलांना दाखवला. ते म्हणाले, मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतर होतो आणि रविवार तीन दिवसांवर आला आहे. लिहून मोकळे व्हायची माझी युक्ती तिथेच संपली. आज सकाळी तालमीला गेलो, सर्वांसमोर कानाचे सांगितले आणि छडी मधुवंतीपुढे धरली. ती घेईना. उजव्या कानाशी येऊन तिने विचारले, मग रविवारी तुम्ही कुठे असाल?

मी म्हणालो, "पहिल्या रांगेत. ऐकू काही येणार नाही, तुझा हात तेवढा दिसेल. तो नीट दाखव."

तिने छडी घेतली. सबब कलम ५ मी रद्द करतो. त्यातली वस्तू आता माझी राहिलेली नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कलम १ मधली गोष्ट शरदिनीला बाहेरून कळण्याआधी मला घरी जाऊन सांगायची आहे, म्हणून येथेच सही करतो.

श्रीनिवास वेणीमाधव आष्टीकर

आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. गीता मुळ्ये, कानाच्या डॉक्टर
२. शरद टोणपे, तबलावादक

वाराणसी, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५