विसाव्याचे खडे

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आलो एकदाचे आपल्या घरात! भाड्याचं नाही, दिराचं नाही, आपलं स्वतःचं. पडेगावच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं की पाय पसरायला जागा उरत नव्हती. इथं मशीन खिडकीशी ठेवलंय, त्यावर सकाळचं ऊन येतं, आणि मागं एवढं अंगण आहे की श्रेया धावता धावता दोनदा आपटली. रडली, उठली, पुन्हा धावली.

बोरखांब तसं लासूर स्टेशनजवळचं कापूस-मक्याचं साधं गाव. समृद्धी महामार्ग जवळून गेला आणि गावानं बाळसं धरलं. बद्रीनाथ म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांनी गावाबाहेरच्या वावराचे प्लॉट पाडले आणि पाटी लावली, ‘स्वप्नपूर्ती नगर’. स्वप्नं चिक्कार आखलीत, पुरी झाली दोनच. एक आमचं घर, दुसरं शेजारच्या मोनिकाचं. ती हसरी आहे, बडबडी आहे, आल्या आल्या पिठलं-भाकरी घेऊन आली. माझं जमणार तिच्याशी.

सुदर्शनचा राजस्थानातून फोन आला. म्हणाला, मी देशाच्या शिवेवर आणि तू गावाच्या शिवेवर, दोघंही पहाऱ्यावर. मी म्हटलं, तुला पहाऱ्याचा पगार मिळतो, मला काय? तर म्हणे संक्रांतीला रजा आहे, येताना बालूशाही आणतो. फोन ठेवल्यावर श्रेयानं नेहमीप्रमाणे भोकाड पसरलं आणि रडता रडताच सांगितलं की भूक लागली. सहा वर्षांची झाली, पण ही पोरगी दुःखातसुद्धा जेवण चुकवत नाही. बापावर गेलीय.

गावातून आमच्याकडं येताना कडुलिंबाखाली एक दगडी ओटा लागतो, शेजारी खड्यांचा मोठा ढीग. दूध घालणाऱ्या वच्छलाबाई तिथंच थांबल्या. घर दाखवते म्हटलं, तर म्हणाल्या, “म्या इथवरच येते माय, पुढं नाय.” मग वाकून दोन खडे उचलले, एक थोरला, एक धाकटा, आणि ओट्याच्या कडेला नीट ठेवले. गुडघ्याचा काही नवस असेल. बाई मायाळू आहे. श्रेयाला जास्तीचं दूध दिलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चार बायकांचे ब्लाउज आले शिवायला. पण कापड द्यायला घरी कुणी येत नाही, ओट्यापाशी उभ्या राहून हाका मारतात. मी म्हटलं, अगं, चहा तरी घ्या! नाही म्हणजे नाही. कापूस वेचायला मात्र याच बायका आमच्या घरावरून पलीकडच्या वावरात जातात. जाताना प्रत्येक बाई ओट्याजवळ एक खडा ठेवते आणि येताना उचलून ढिगात टाकते. एकही विसरत नाही. बद्रीनाथांना विचारलं तर हसले, म्हणाले जुन्या लोकांची खोड आहे, तुम्ही शिकलेल्या माणसांनी मनावर घेऊ नका. शिकलेली म्हटलं की मी लगेच फुगते, हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज संताप संताप झाला.

गावातले कडुबा म्हातारे गेले. अंत्ययात्रा आमच्याच रस्त्यानं आली. ओट्यावर तिरडी टेकवली, खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या, डोक्याकडचे पायाकडं गेले. प्रत्येकानं एक खडा ठेवला आणि तिरडी आमच्या दारावरून नाल्याकाठी नेली. म्हणजे तो ओटा हा गावाचा विसावा आहे, आणि बद्रीनाथांनी विसावा आणि मसणवटा यांच्या मधली जमीन आम्हाला विकली! परतताना सगळ्यांनी आपापले खडे उचलले. कुणी मागं वळून पाहिलं नाही, आमच्या घराकडं तर नाहीच.

तशीच बद्रीनाथांच्या घरी गेले आणि तोंड सोडलं. ते थंडपणे म्हणाले, शहरात स्मशानाला खेटून फ्लॅट असतात, तिथं कोण विचारतं? दार आपटून निघाले. येताना वच्छलाबाईंनी गाठलं. त्यांच्या मते मेलेला माणूस विसाव्यावर भूक ठेवतो, तहान ठेवतो, माया ठेवतो, “म्हणून तर मागं फिरत नाय.” जित्या माणसानं पलीकडं जाताना आपल्या वाटचा खडा ठेवायचा, म्हणजे ती जागा खड्यावर समाधान मानते, माणसाचं काही घेत नाही. परत येताना आपला खडा उचलायचा.

सुदर्शनला सांगितलं, तो खो खो हसला. मीही हसले. भूक ठेवायची जागा असती तर आपल्या लेकीला आधी तिथं बसवलं असतं, असं तो म्हणाला.

३ डिसेंबर, मंगळवार

अवकाळी पाऊस झाला आणि ओट्यापुढं रस्त्याला हा भलामोठा खड्डा पडला. शाळेची रिक्षा इकडं यायला तयार नाही. बद्रीनाथांना दोनदा सांगितलं, ते मुरूम टाकतो म्हणाले आणि गायब झाले. मग मी आणि मोनिकानं पदर खोचला. खडे समोर ढिगानं पडलेले. घमेली भरभरून सगळा ढीग खड्ड्यात लोटला, ओट्याच्या कडेचेही खरवडून घेतले. श्रेयानं तिच्या खेळातल्या बादलीनं मदत केली. वरून पायांनी चोपलं. रस्ता असा झाला की बद्रीनाथांनी लाजावं.

मान वर केली तर पलीकडं गावातले लोक उभे. वच्छलाबाई दुधाची बरणी घेऊन आल्या, खड्ड्याकडं पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. त्यांना पाणी देऊ का विचारलं, तर माझ्याकडं बघून डोळे पुसायला लागल्या. म्हटलं, दोन हातांनी रस्ता केला, त्यात रडण्यासारखं काय आहे? थोडं वाईट वाटलं खरं.

११ डिसेंबर, बुधवार

चहाला चव नव्हती. साखर घातली, पुन्हा घातली. मोनिका म्हणाली तिच्याकडचाही चहा तसाच लागतो, पावडर भेसळीची असेल.

ब्लाउज शिवताना कापडावर लाल डाग दिसला. मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती आणि मी पॅडल मारतच होते. दुखलं नाही. बोट धुतलं, फडकं बांधलं, उरलेली बाही पुरी केली.

श्रेयाचा डबा भरलेला परत येतो. काल फोन ठेवल्यावर ती रडली नाही. मला आधी बरंच वाटलं, पोरगी शहाणी झाली. मग लक्षात आलं, या आठवड्यात तिनं एकदाही भूक लागली म्हटलेलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

मोनिकाचे वडील गेले. फोन आला तेव्हा मी तिथंच होते. ती मेथी निवडत होती. बरं, म्हणाली, फोन ठेवला आणि मेथी निवडत राहिली. मीही एक जुडी ओढली. जुडी संपल्यावर मी म्हटलं, भाजी छान निवडलीस. ती म्हणाली, कोवळी आहे.

घरी आल्यावर मला भीती वाटली. अजून वाटते आहे. हे लिहून ठेवते, कारण उद्या वाटेल की नाही, सांगता येत नाही. मला श्रेयाला इथून बाहेर काढायचं आहे. दुसरं काही नको.

१९ डिसेंबर, गुरुवार

वच्छलाबाईंना ओट्याशी गाठलं. सगळं विचारलं. पहिल्या दिवशी त्यांनी ठेवलेले दोन खडे आमचे होते. थोरला माझा, धाकटा श्रेयाचा. आम्हाला रीत ठाऊक नाही म्हणून आमच्या वतीनं त्यांनी ठेवले होते, मोनिकाचाही त्यांनीच. तेवढ्यावर आम्ही तगलो होतो. ते मी खड्ड्यात घातले आणि वर नाचले. ढीगच मोडला, आता ती जागा कुणाचाच खडा मानत नाही, असं त्या म्हणाल्या. गावातल्या बायकांनी पलीकडं येणं सोडलंय. मला वाटलं होतं थंडीमुळं. वेचायला कुणी नाही, कापूस झाडावरच लोंबतोय.

खुरपं घेऊन खड्डा उकरला. सगळे खडे सारखेच. रिक्षा, ट्रॅक्टर जाऊन जाऊन चिखलात बसलेत. खुरपं मोडलं तसं नखांनी उकरलं. दोन नखं गेली. धाकटा खडा हा असेल, हा असेल, म्हणत ओंजळभर घरी आणले. श्रेयानं विचारलं, कशाला?

मलाही सांगता येईना.

२३ डिसेंबर, सोमवार

श्रेयाला घेऊन पडेगावला आईकडं गेले. राहायलाच गेले होते.

आईनं पुरणपोळी केली. श्रेयानं पोळीकडं पाहिलं, मग भिंतीकडं. आई तिला कुशीत घेऊन रडली. मी समोर बसून बघत होते. इतकी का रडते, असं वाटलं.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. कुणी बोलावलं नव्हतं. तिथं राहण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

जागा बदलून उपयोग नाही. जे ठेवलं ते इथंच राहिलंय.

३० डिसेंबर

वच्छलाबाई ओट्यावरून ओरडून सांगत होत्या. लक्षात राहावं म्हणून जसंच्या तसं लिहिते. “मायेच्या माणसानं अलीकडून नावानं हाक मारली पायजे. हाक ऐकून उठून आलात तर तुमचं तुमाला माघारी मिळंल. पण त्यानं विसावा वलांडला तर त्याचंबी जाईल. नवऱ्याला सांग माय, लई झालं तरी पाय टाकू नको म्हणावं.”

म्हणजे सुदर्शनला सांगायचं :
ओट्यापाशी थांब.
तिथूनच हाक मार.
पुढं येऊ नकोस.

श्रेया सुटेल. मी नाही उठले तरी तिला लोटून द्यायचं. हे विसरायचं नाही.

५ जानेवारी

त्याचा फोन आला. बाराला येतो म्हणाला. बालूशाही घेतलीय.

मी हं म्हटलं.

ओट्याचं सांगितलं नाही. विसरले नव्हते. शब्द तोंडात होते. सांगून काय व्हायचं, असं वाटलं. वाटलं पण नाही. काहीच —

उद्या सांगेन.

८ जानेवारी

फोन वाजत होता. वाजून थांबला.

शेजारची बाई दाराशी बसून असते. तिच्या घरात दूध नासलंय, वास इथवर येतो. पोरगी तिच्याशेजारी जाऊन बसते. दोघी कापसाकडं बघतात.

मागची पानं वाचली. भूक लागली म्हणून रडणारी एक मुलगी आहे त्यात. बाई तिच्यासाठी फार जीव टाकते.

१० जानेवारी

सांगायचं होतं. ओटा — थांब —

ऊन आलं. मशीनवर पडलं. गेलं.

१२ जानेवारी

वही मांडीवर आहे. उंबऱ्यात बसलोय दोघी.

ओट्यापाशी गाडी थांबली. एक माणूस उतरला, खांद्याला हिरवी पिशवी, हातात मिठाईचा डबा. म्हातारी त्याच्या आडवी झाली, दोन्ही हात पसरून. त्याला काय काय सांगतेय. तो आधी हसला. मग आमच्याकडं पाहिलं. मग हसला नाही.

थांबला तिथंच. बरं झालं.

हाका मारतोय. दोन नावं. एक मोठं, एक छोटं. पुन्हा पुन्हा तीच.

पोरगी म्हणाली, तो माणूस रडतोय.

म्हटलं, हो.

कुणाला बोलावतोय, म्हणाली. म्हटलं, असेल कुणीतरी. तिला लोटायचं होतं. पानावर लिहिलंय तसं. हात तिच्या पाठीवर ठेवला. पाठ गार आहे. हात तिथंच राहिला.

आवाज बसला त्याचा. डबा पडला. म्हातारीनं त्याचा सदरा धरलाय — तो सोडवतोय —

सुटला.

ओट्यापर्यंत आला. एक पाय पुढं —

त्याला थांब म्हणायला हवं. तेवढंच म्हणायचं. मोठ्यानं. तोंड उघडलंय मी, म्हणावंसं —