शाळेखालची वाळू

अण्णा, आज श्रीपूरच्या पुढे नदीकाठच्या त्या गावातून येताना तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहिते आहे. तुम्ही सोलापुरात कॉलेजच्या मुलांना मातीचं शास्त्र शिकवायचात, आणि सुट्टीच्या दिवशी मला. एकदा स्वयंपाकघरात घमेलंभर ओल्या वाळूत तुम्ही आईचा वरवंटा उभा केला आणि घमेल्याच्या कडेला ठोकत राहिलात. वाळूवर पाणी चढलं, वरवंटा कलत कलत आत गेला. "धक्क्याने आतलं पाणी दाबलं जातं, मग दाण्यांचे हात सुटतात," तुम्ही म्हणालात. आई वरवंट्यावरून रागावली आणि आपण दोघं हसलो.

पुढे कच्छच्या भूकंपानंतर तुम्ही तिथे पाहणीला गेलात. परत आलात ते त्याच स्वयंपाकघरात चहा समोर ठेवून बसून राहिलात. तिथल्या एका बाईच्या अंगणातून वाळू उसळली होती आणि घर एका अंगाने जमिनीत बसलं होतं. आत तिची सासू होती. त्या बाईने तुम्हाला विचारलं होतं, "हे तुम्हा लोकांना आधी कळत नाही का?" एवढं सांगून तुम्ही उठलात. वर्गात तो प्रयोग पुन्हा केला नाहीत.

आता ते आधी जाणून घेणं हेच माझं काम आहे. श्रीपूरपुढच्या त्या गावात मुलींची शाळा बांधायची होती, नदीच्या काठावर, घरांना लागून. मी उभी आहे, माती तपासायला जमिनीत ठोकायच्या नळीवर हातोडा पडतो आहे. वरची काळी माती संपते, खाली सैल वाळू लागते, पाण्याने गच्च, आणि नळी सहज आत जाते. मी ठोक्यांचा आकडा वहीत लिहिते. शेजारी सरपंच शांतपणे म्हणतात, "मॅडम, आमच्या आज्यापासनं ही जमीन हाललेली न्हाय." खोल पायाचा खर्च गावाला झेपणारा नव्हता. मी लिहिलं, इथे बांधू नका. शाळा हमरस्त्यापलीकडे, लांब मुरमाड माळावर गेली.

आज तिथल्या एका बाईने मला ओळखलं. हमरस्ता ओलांडायच्या भीतीने तिच्या थोरलीची शाळा सुटली, लग्नही झालं. "हितं असती तर शिकली असती की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्या जागेत आता ऊस आहे, आणि जमीन जिथल्या तिथे.

अण्णा, चाचणीचे आकडे अगदी काठावर होते. बांधा म्हटलं असतं तरी मला कोणी चूक ठरवलं नसतं. मी बघत आकड्यांकडे होते, ऐकत मात्र त्या कच्छच्या बाईला होते. कुठे भूकंप झाल्याची बातमी आली की मी आधी त्या गावाचं नाव शोधते. ते नसलं की हायसं वाटतं. पण त्याआधी, क्षणभर, ते असावं, म्हणजे मी बरोबर ठरेन, असं मनात येऊन गेलेलं असतं. तुम्ही हयात असता तर हे तुम्हाला पाठवलं नसतं.