जास्वंदीचं पाणी व्याह्यांना

रावेर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. लिलाअक्कास, धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. सोमवारी सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि उरलेला तांब्या सवयीने डावीकडे जास्वंदीच्या बुडाशी रिकामा केला. तिथे चारूचे सासरे, तोतारामभाऊ, दात घासत बसले होते! व्याही पडले सज्जन. हात जोडून हर हर गंगे म्हणाले. मोहिनी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसली.

नंतर मी घाबरलो. डाव्या डोळ्याला बाजूचं दिसेनासं झालंय. काचबिंदूच्या आधीच्या ऑपरेशनात डोळ्यातलं पाणी निघायला केलेली वाट दोन वर्षांत बुजली, थेंब घालूनही डोळ्याचा दाब उतरत नाही. जळगावचे डॉक्टर म्हणतात, आता बारीक नळी बसवू, चिरफाड फारशी नाही. न बसवली तर उरलेली नजरही जाईल. मी नको म्हणालो. देवाने एकदा नाही म्हटलं, पुन्हा का विचारायचं?

लोभ असू दे, राग थोडा कमी कर.
तुझा योगराज

धुळे, १३ फेब्रुवारी

चि. योगराजास अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की शेजारची भागाबाई धावत आली. मग रडले, ते तिला सांगितलं नाही. तीस वर्षं धुळ्यात काढली, म्हणून इथल्यांसारखं सांगते, तू येडा शे. केळीत ठिबकची नळी चोंदली की सगळं गाव तुला बोलावतं. तेव्हा देवाने नाही म्हटलं म्हणून बाग वाळू देतोस का? नळी पुन्हा चोंदली तर दुसरी टाकतोसच ना? ऑपरेशन करून घे. नाहीतर मी येऊन महिनाभर राहीन.

माया आहेच, धमकीही खरी समज.
तुझी अक्का

जळगाव, ४ मार्च

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

एकाच डोळ्याने लिहितोय, ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस. तुझं पत्र मोहिनीने देव्हाऱ्यात ठेवलं. रोज हात जोडताना तेच दिसायचं. डॉक्टरांनी नळी दाखवली, तिळाहून बारीक. हिला फिल्टर कुठाय, असं मी विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. गेलेली नजर परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. उरलेली बाग राखायची, एवढं मला कळतं.

आज तोतारामभाऊ भेटायला आले, कोरड्या मार्चमध्ये छत्री घेऊन. माझ्या डावीकडे बसले आणि उघडली! मी पूर्ण मान वळवून, नीट बघून, नमस्कार केला.

तुला आधी कळवलं नाही. तू महिनाभराचं सामान बांधलं असतंस. काल सकाळी देवाचं नाव घेऊन आत गेलो आणि नळी बसवून घेतली.

लोभ वाढू दे, मुक्काम आठवड्याचाच ठेव.
तुझा योगराज