व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरबाबत माझे लेखी म्हणणे

मी, रामगोंडा बाबगोंडा पाटील, वय ७४, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, फक्त वैतागून लिहीत आहे. वैताग म्हणजे मनाचा बिघाड नव्हे, असे वकिलांनी सांगितले आहे.

कलम १. राहते घर पत्नी राजमती हिचे. तिच्यानंतर मुलगा जिनेंद्र व मुलगी कीर्ती यांना निम्मे-निम्मे. माझ्या टेबलाला "कचरा" म्हणणे मी मेल्यावर तरी बंद करावे.

कलम २. मल्टिमीटर, सोल्डरिंगची हत्यारे, स्क्रूचे डबे कीर्तीला. जिनेंद्रला काही नाही. जुना ॲम्प्लिफायर चालू करायला त्याला पुण्याहून पॉवर सप्लायचे कंडेन्सर आणायला सांगितले. ३२ मायक्रोफॅरडचे लिहून दिले होते, पठ्ठ्याने ४७०चे आणले. "पप्पा, मोठे आहेत, जास्त चांगले." अरे, एवढे मोठे भरता भरता रेक्टिफायर व्हॉल्व्हचा जीव जातो! इंजिनिअर केला याला मी. शेवटी मिरजेला जाऊन मीच आणले.

कलम ३. ॲम्प्लिफायर. वकील नको म्हणाले तरी इथे सविस्तर लिहिणार.

हा मी आणि दुकानातला माझा भागीदार कृष्णात माने, आम्ही दोघांनी बांधला. १९९४ साली मंदिरातल्या पूजेला लावला आणि ऐन प्रवचनात आतला नवाकोरा कंडेन्सर फुटला. धूर, घाण वास, महाराज गप्प, माणसे उठून पळाली. नवा कंडेन्सर असा फुटतो तो उलटा बसवल्यावरच. कृष्णात वाकून आत बघत होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुला प्लस-मायनस कळत नाही, तर हात कशाला लावतोस?" त्याने झाकण परत बसवले. दुपारी जेवणाचा डबा उचलून गेला तो दुकानात परत आला नाही. मी ॲम्प्लिफायर खोक्यात बांधून माळ्यावर टाकला.

गेल्या महिन्यात, एकतीस वर्षांनी उघडला. कृष्णात तार हुकासारखी वाकवून सोल्डरचा डाख देतो. तीन कंडेन्सरना तसेच होते. फुटलेल्याच्या तारेला दोन वेढे. वेढे मी घालतो.

मग आठवले. पूजेच्या आदल्या संध्याकाळी राजमतीने हाक मारली होती, "आवं, दिवस मावळतोय, जेवून घ्या." दिवस बुडाल्यावर आम्ही जेवत नाही. कृष्णात म्हणाला, "तुमी जावा, शेवटचा मी लावतो." मी कुणाचे ऐकतो? घाईत मीच लावला, न तपासता जेवायला पळालो. आणि एकतीस वर्षे त्याला नावे ठेवली. माझी मलाच लाज वाटते.

चारही कंडेन्सर बदलले. सिरीजमध्ये बल्ब लावून जपून चालू केला. घुंई नाही, खरखर नाही. हा ॲम्प्लिफायर कृष्णातला द्यावा. बंद केल्यावर लगेच आत हात घालू नये, कंडेन्सरमध्ये करंट राहतो. बघा, अजून त्यालाच शिकवतोय!

कलम ४. ज्याला वस्तू द्यायची तो साक्षीदार नको, असे वकील म्हणतात. मला साक्षीला तोच हवा. मी गेल्यावर वस्तू पोचेल, पण माफी कोण मागणार? कृष्णात आता दहिवडीला असतो, तिथे फोन केला. "बघतो," एवढेच म्हणाला.

सहीपूर्वी हाताने घातलेली भर: कलम ३ मधले देणे रद्द. कृष्णात आला. ॲम्प्लिफायर आजच त्याच्या हातात दिला. माफी मागितली.

ठिकाण: सांगली. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५.
सही: रामगोंडा बाबगोंडा पाटील

साक्षीदार १: गुंडा आण्णा मगदूम, शेजारी.

साक्षीदार २: कृष्णात नाथाजी माने, दहिवडी. वाचून सही केली. तारंचे वेढे मी त्याच दिशी बघितले हुते. एवढ्या मानसांत तुमचं नाव कसं घ्यायचं?