निरोगी डोळ्याचा नमुना

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला आणि त्या खोकल्याबद्दलची त्यांची मतं, दोन्ही जोरात असतील. आमच्याकडे सगळं क्षेम होतं, म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत.

मी डोळ्यांच्या इस्पितळात पडद्याचे फोटो काढतो, हे तुला ठाऊकच आहे. (पडदा डोळ्याच्या आतला, खिडकीचा नव्हे, हे भावजींना पुन्हा एकदा सांग.) आमच्या मोठ्या डॉक्टरांना संगणकाला डोळे तपासायला शिकवायचं खूळ लागलं. या संशोधनात दर मोसमाला नवी हवा. आधी मधुमेहाने बिघडलेला पडदा ओळखायचा, मग पडद्यावरून माणसाचं वय नि हृदयाची तब्येत सांगायची, आणि आता तर यंत्राने रोग्याशी गोड बोलून अहवालही लिहायचा म्हणे. (गोड बोलणं आमच्यात आजवर कुणालाच जमलेलं नाही.) पण यंत्राला आजारी डोळ्यांबरोबर धड डोळेही दाखवावे लागतात, आणि धड डोळ्यांचा माणूस इस्पितळात कशाला तडमडेल? आता सकाळी कॅमेरा नीट चालतो का पाहायला मी स्वतःच हनुवटी टेकून बसतो, ही माझी जुनी रीत. ते फोटो आयतेच सापडले. डॉक्टरांनी ते न बघताच ‘निरोगी’ म्हणून यंत्राला भरवले. फोटोवाल्याच्या डोळ्यात काय बघायचं? थोडक्यात, चांगला डोळा कसा असतो हे ते यंत्र माझ्याकडे बघून शिकलं. मी घरी मिरवलोही. तुझ्या भावजयीने एवढंच विचारलं, की मग कपाटाच्या उघड्या दाराला रोज कुणाचं डोकं आपटतं.

सोमवारी पाहुणे डॉक्टर आले. भिंतीवर माझा डोळा, टेबलाएवढा. यंत्र म्हणालं, निरोगी. टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई मात्र उठून भिंतीजवळ गेल्या आणि हा डोळा कुणाचा म्हणून विचारू लागल्या. मी छाती काढून पुढे झालो.

“यात काचबिंदू आहे,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि आजकालचा नाही.”

मग जी पळापळ झाली! बैठकीवर बैठक, आणि सगळ्यांना घोर एकच, यंत्राचं आता कसं होणार. (रोग्यांना अजून लावलं नव्हतं, हे नशीब.) शेवटी त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवायचं ठरलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझी चौकशी त्या बाईंनीच केली. यंत्र सुधारेल, ताई. माझी बाजूची नजर गेली ती गेली. थेंब घालून उरलेली राखायची. मी घाबरलोय, तुझ्यापाशी काय लपवायचं?

मुलांना आशीर्वाद. थेंबांची वेळ झाली.

तुझा,
(यंत्राच्या मते अजून ठणठणीत) धाकटा

ता. क. हा आजार भावंडांतही निघतो, असं त्या बाईंनी बजावलंय. एवढं पाल्हाळ त्यासाठीच. याच आठवड्यात डोळे दाखवून ये, आणि माणसाला दाखव.

आणखी एक ता. क. तो आई-बापांकडूनही येतो. बाबा रस्त्यात तुझ्या शेजारून निघून गेले, ओळख दिली नाही. मनाविरुद्ध लग्न केलंस म्हणून तोंड फिरवलं, असं आपण सगळ्यांनीच धरलं. तूही शेवटपर्यंत अबोला सोडला नाहीस. मी बाईंना ते सगळं सांगून विचारलं. ताई, बाबांना तू दिसलीच नसशील.