फळीवरचा चष्मा

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिलाई मशीनला जरा विश्रांती दे आणि हे पत्र सावकाश वाच. आमच्या संस्थेत लहान लहान सिनेमे येतात, त्यांतला कुठला कोणत्या गावी दाखवायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. तू अजूनही लोकांना सांगतेस म्हणे, की आमची पदवीधर बसून सिनेमे बघते आणि वर पगार घेते. सांग खुशाल.

नको असलेल्या सिनेमांच्या गठ्ठ्यात मला एक सापडला. साहेबांनी अर्धाच बघून, रडका आहे म्हणून बाजूला टाकलेला. त्यात ना ओळखीचा नट, ना एखादं गाणं. एका देवभक्त गृहस्थाची गोष्ट आहे. सगळं गाव त्याला मान देतं. रोज संध्याकाळी तो घरच्यांना समोर बसवून प्रार्थना म्हणतो. कुणाचं काही चुकलेलं असलं, की प्रार्थना झाल्यावर पुस्तक मिटून उठतो. तो पुस्तक मिटतो न मिटतो तोच त्याची बायको चष्मा काढते, घडी घालते आणि फळीवर ठेवते. मारहाण कुठेच दाखवलेली नाही. नुसता फळीवरचा चष्मा. ताई, मी सिनेमा थांबवून खोलीतला दिवा लावला. आपल्या आईची सवय या लोकांना सांगितली कुणी?

शेवटी ती बाई चष्मा उचलते, डोळ्यांवर चढवते आणि दार उघडून निघून जाते. आईने हे बघायलाच हवं. माझ्या खोलीत मी तिच्यासाठी दुसरी खाट आणून ठेवली आहे. तुझं ती ऐकत नाही, माझं ऐकत नाही. कदाचित त्या बाईचं ऐकेल. सिनेमा तुमच्याकडे पाठवते. तू फक्त आईला घेऊन जा.

माया आहे तशीच दाट राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. १३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

एवढी शिकलीस, पण गावात सभागृह एकच, ते प्रार्थनामंडळाचं, आणि मंडळाचे प्रमुख आपले बाबा, एवढं साधं गणित तुला सुटलं नाही? तुझ्या संस्थेचं पत्र सरळ त्यांच्याच हातात पडलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळतं. तर स्वारी खूश! विषय श्रद्धा आणि कुटुंब, एवढंच पत्रात होतं. माझ्या मुलीने सिनेमा पाठवलाय म्हणून दुकानोदुकानी सांगत फिरताहेत. आईला ठेवणीतले कपडे काढून ठेवायला सांगितलेत.

अजून वेळ आहे. रद्द करता आलं तर कर. सिनेमा बघून माणसं सुधारत असती, तर तिकिटं फाडणारा एव्हाना संत झाला असता.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रद्द करणार नाही. बाबा तिथे असणार हे उलट बरंच झालं. अंधारात का होईना, एकदा आरशासमोर बसतील. दगडालाही पाझर फुटतो, असं लहानपणी तूच मला सांगायचीस.

घाईत आहे. जीव तुमच्यापाशीच आहे.

धाकटी

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा झाला. सभागृह भरलं होतं. आई मध्ये, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. मागे डॉक्टरबाई आणि मंडळाच्या बायका. पडद्यावरच्या त्या माणसाने पुस्तक मिटलं. त्याची बायको अजून जागची हललीही नव्हती, आणि आपल्या आईने स्वतःचा चष्मा काढला, घडी घातली आणि ठेवायला अंधारात फळी चाचपू लागली. हात तसाच हवेत राहिला. मग पडद्यावरच्या बाईने तेच केलं. आमच्या मागची कुजबुज एकदम थांबली.

सगळ्यांनी बघितलं, धाकटे. दिवे लागल्यावर डॉक्टरबाईंनी डोळे दुखतात का असं विचारलं, आई हो म्हणाली, आणखी एक जण म्हणाली की पडद्याचा उजेडच फार असतो. झालं. विषय मिटला.

बाबा व्यासपीठावर गेले. बोलताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. खोटं नाही, खरंच. असल्या माणसाला देवाच्या दारात उभं करू नये, असं म्हणाले. तुझं तोंडभर कौतुक केलं. टाळ्या पडल्या. तुझ्या आरशाची त्यांनी खिडकी केली, आणि खिडकीतून त्यांना दुसऱ्याचंच घर दिसलं.

घरी गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, की चारचौघांत ती नाटकं कशासाठी केलीस. या वेळी चष्मा काढायचा नाही, अशी ताकीदच दिली. उजव्या डोळ्याखाली काच घुसली. डोळा वाचला. टाके डॉक्टरबाईंनीच घातले. पडलात का असं त्यांनीच विचारलं, आणि आईने तोंड उघडायच्या आत हो असंही त्यांनीच म्हटलं.

बाबांचा तुला निरोप आहे. शेजारच्या गावच्या मंडळाने सिनेमा मागितला आहे, त्यांच्या भाषणासकट. आणखी थोडे दिवस ठेवून घेता येईल का, ते कळव.

तुझ्यावर राग नाही. तू मात्र स्वतःवर काढू नकोस. खाली आईने चार ओळी लिहिल्या आहेत.

तुझी,
ताई

चि. बाळास, आशीर्वाद. चष्म्याशिवाय लिहिते आहे, ओळी एकमेकींवर चढल्या तर लावून घे. सिनेमा चांगला होता. बाई अगदी खरी. पण ती दार उघडून जाते तिथेच संपवला. पुढे ती कुठे गेली, तिथे लोक तिला कोण म्हणून ओळखतात, हे बनवणाऱ्यांना विचारून मला कळव. तोवर त्या खाटेवर तुझी पुस्तकं ठेव, रिकामी बरी दिसत नाही. चष्म्याचा नंबर ताई पाठवेल. तिकडे करून मिळाला तर बघ. काचेचा नको. न फुटणारे मिळतात म्हणे.