पान पुढे येईना

५ ऑक्टोबर
आजही सपाट! वैशाखरे गावाच्या वरच्या रानात सकाळभर कुड्याच्या झुडपाचे फोटो काढले. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरीशुभ्र, आभाळ काळं — ते सगळं बरोबर. पण डावा-उजवा फोटो दोन भिंगांच्या डब्यात ठेवून दोन्ही डोळ्यांनी पाहिले, की पान उठून पुढे यायला हवं; ते येतच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं चिकटलेलं.

७ ऑक्टोबर
एक फोटो काढायचा, कॅमेरा चार बोटं उजवीकडे सरकवायचा, मग दुसरा. मध्ये फांदी हलली की जोडी वाया. म्हणून लखमादादा चौकटीबाहेरून फांदी धरून उभे राहतात. या रानातलं झुडूप न् झुडूप त्यांनीच मला दाखवलं. पण वय सत्तरीचं. हात थरथरत असणार.
घरी नवऱ्याला म्हटलं, कॅमेराच बिघडलाय. शेखर म्हणतो, "नाचता येईना, अंगण वाकडं." जेवताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

१० ऑक्टोबर
कॅमेरा कल्याणला तपासून आणला. ठणठणीत.
म्हणजे राहिले लखमादादा.

१२ ऑक्टोबर
आज तोंड सुटलं. "एक फांदी धरता येत नाही नीट?"
"मी हाललो नाय बाई. झाड पन नाय हाललं."
"मग मी खोटं बोलते?"
कॉलेजच्या प्रदर्शनाला चोवीस जोड्या देईन असं मोठ्या तोंडाने सांगून बसलेय. पहिलाच प्रयत्न, आणि एकही धड नाही! त्यांनी फांदी हळूच सोडली, कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि उतरून गेले. दोघांची भाकरी माझ्याच पिशवीत राहिली.
वाईट वाटलं. हाक मात्र मारली नाही.

१३ ऑक्टोबर
फांदी काठीला बांधून एकटीने काढलं. सपाट.

१६ ऑक्टोबर
स्टाफरूममध्ये भाग्यश्रीने सहज डबा डोळ्यांना लावला आणि हात पुढे केला — पान बाजूला सारायला! "अगं जया, नाकाला लागतंय हे." मी एकेक जोडी घालत गेले. पाच तारखेची, सातची, बाराची. तिला सगळी पानं पुढे दिसली.
मी परत पाहिलं. सपाट.

१८ ऑक्टोबर
डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. "किती बोटं?" म्हटलं, आधी हात तरी वर करा.
हात वरच होता. डावा डोळा बराच आधी गेलाय म्हणाले, आता परत यायचा नाही. फार भीती वाटतेय.

१९ ऑक्टोबर
लखमादादांच्या दारात गेले. माफी मागायला तोंड उघडलं, डोळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मना ठावं हाय बाई. म्हनून तर रानात मी कवा पन तुमच्या डाव्या अंगाला चालतो."